माझ्या अंगणातला जास्तीचा पाऊस

ऐका, हसायचं ते शेवटी हसा. मध्येच कुणी फिदीफिदी केलं तर चहा परत घेईन.

आमच्या चोपडे गावात पावसाचं विचारायचं ते मला. शाळेचं तोंड पाहिलं नाही, वाचायला शिकले वाण्याच्या पुड्यांवरून. पण नदीवरचा वारा नाकाला लागला की सांगायचे, आज होड्या काढू नका. अख्खा वाडा ऐकायचा.

मग शेजारच्या सुलोचनेला सून आली, केतकी. पणजीला नोकरी. काम काय, तर पावसाचं गणित. खोलीभर कॉम्प्युटर एकत्र जोडलेले. गोव्याचे बारीक चौकोन पाडायचे आणि प्रत्येक कॉम्प्युटरने आपल्या चौकोनातला वारा, ढग, पाऊस मांडायचा.

"काकी, भाताच्या लावणीसारखंच ते," तिने मला समजावलं. "प्रत्येकीचा पट्टा वेगळा, पण शेजारणीला विचारल्याशिवाय कुणी पुढे सरकायचं नाही."

समजलं मला. आवडलं नाही, एवढंच. कारण लोक आता माझ्या दारावरून पुढे जाऊन सुलोचनेला विचारू लागले. सुलोचनेला, जिला दोरीवरचे कपडे भिजल्यावर पाऊस कळतो!

गणित खरं येतं का ते पडताळायला केतकीने सासूच्या अंगणात पाऊस मोजायचं भांडं ठेवलं. मी कशाला मागे राहू? मलाही हवं म्हटलं. तिने आणून दिलं, उघड्यावर ठेवा म्हणाली, रोज सकाळी आकडा फोनवर कळवा म्हणाली. मी ठेवलं माडाच्या बुडाशी. आणि रोज सुलोचनेचं भांडं माझ्याहून जास्त भरलेलं. वर कुंपणावरून विचारायची, "तुझं किती भरलं गो?"

म्हणजे पाऊससुद्धा हिच्याकडेच जास्त?

उचललं भांडं आणि ठेवलं पागोळीखाली. पाऊस तो पाऊस, आभाळातून थेट येवो की आमच्या कौलांवरून. त्या दिवसापासून केतकी फोनवर माझा आकडा पुन्हा पुन्हा विचारून घ्यायची. शेवटी म्हणाली, "काकी, आमचे साहेब उद्या तुमच्याकडे येतायत."

सत्कारच, दुसरं काय? हळदीच्या पानातल्या गोड पातोळ्या केल्या, ठेवणीतली साडी नेसले, वाडा जमवला. सुलोचनेला मुद्दाम पुढच्या खुर्चीवर बसवलं, नीट दिसावं म्हणून.

साहेब आले ते डोळे तारवटलेले. "आजी, तुमच्या घरावर ढग फुटतोय आणि शेजारी नुसती रिमझिम. कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा चालवला आम्ही. घराएवढा ढग समुद्रावरून येतो कुठून, तेच सापडत नाही."

मी मान आणखी ताठ केली. तेवढ्यात सर आली. पागोळ्या सुटल्या आणि सगळ्यांच्या देखत एक जाड धार थेट भांड्यात.

साहेबांनी भांड्याकडे पाहिलं, मग कौलांकडे, मग हातातल्या पातोळीकडे. "सापडला ढग," हळूच म्हणाले. पातोळी मात्र संपवली.

परवा जरा उघडीप होती. गोधड्या धुतलेल्या; वाळत घालू की नको? नाक वर केलं, वारा हुंगला. मग गेले कुंपणाशी. एवढा थोरला कॉम्प्युटर शेजारणीला विचारतो, तर मला कसली लाज?

"सुलोचने, आज पाऊस आहे काय गो?"

तिने मान वर न करता विचारलं, "कुठला सांगू? आभाळातला की तुझ्या कौलावरचा?"