त्रिविक्रम मास्तरांचा तिसरा उमेदवार

त्रिविक्रमराव चामराजपेटेतल्या हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवत. घराणं शहाजीराजांच्या फौजेमागून बेंगळुरात आलेलं, त्यामुळे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. पूर्वी एकदा ते कॉर्पोरेशनच्या निवडणुकीला अपक्ष उभे राहिले होते. भाषेवरून गल्लोगल्ली भांडणं चालली असताना हे दोन्हीकडे जाऊन म्हणत, "स्वल्प बसून बोलू या." मतं पडली दोनशे बारा. त्या वेळी त्यांच्यासाठी घरोघर हिंडलेला जिवलग मित्र हणमंतराव पुढे एका पक्षात गेला आणि आमदार झाला. दोघांच्या भेटी हळूहळू लग्नकार्यापुरत्या उरल्या.

एकोणसत्तरच्या जुलैत राष्ट्रपतिपदाची निवडणूक लागली. सत्ताधारी पक्षातच दोन तट पडले होते आणि दोघांचे दोन उमेदवार होते. तिसरे उमेदवार एक वयस्क, अभ्यासू मराठी गृहस्थ. ते कुणावर ओरडत नसत, तोलून बोलत. मास्तरांचं मन त्यांच्यावर बसलं. रोज पेपर उघडून ते पत्नीला, अनुसूयाबाईंना सांगत, "कुणालाच बहुमत मिळालं नाही, तर दुसऱ्या पसंतीची मतं मोजतात. मग यांना संधी आहे."

"तुम्हाला मत आहे का पण?" बाईंनी विचारलं.

नव्हतं. मत होतं आमदार-खासदारांना. म्हणून एका रविवारी सकाळी मास्तर इस्त्रीचा कोट घालून हणमंतरावांकडे गेले. बाहेरच्या खोलीत तासभर बसावं लागलं.

"मराठी माणूस म्हणून सांगायला आलास होय?" हणमंतराव हसत म्हणाले.

"नाही रे. दोन्हीकडच्यांशी बोलू शकेल असा एवढाच एक उरलाय, म्हणून."

"तो निवडून यायचा नाही, त्रिविक्रम. मधल्या माणसाला सगळे चांगला म्हणतात आणि मत दुसऱ्याला देतात. तुझं काय झालं होतं?"

मास्तर कोटाचं बटण लावू लागले. मग हणमंतरावच जरा मऊ होऊन म्हणाले, "सरी, ठीक आहे, दुसरी पसंती देतो त्यांना."

"दुसरी तर कुणीही देईल," असं म्हणून मास्तर उठले.

ऑगस्टात निकाल लागला. शेजारच्या राजलक्ष्मीअक्कांच्या रेडिओवर मास्तरांनी तो उभ्यानेच ऐकला. तिसरे उमेदवार फार मागे राहिले होते. त्या दिवशी मास्तर जेवले, शाळेत गेले, पण आठवीचा तास घेताना दोनदा वाक्य अर्धवट सोडून खिडकीबाहेर बघत राहिले.

पुढच्या आठवड्यात हणमंतराव आपण होऊन घरी आले. अनुसूयाबाईंनी पान वाढलं. पहिला घास घ्यायच्या आधीच ते म्हणाले, "पहिली पसंती तुझ्या माणसालाच दिली. पक्षात कुणाला ठाऊक नाही."

मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं. खरं असेल, खोटंही असेल; गुप्त मतदान, कोण सांगणार? पण इतक्या वर्षांनी हणमंता आपल्या पाटाशेजारी बसलाय, एवढं खरं होतं. त्यांनी त्याच्या भातावर आणखी तूप वाढायला सांगितलं.

जेवताना हणमंतराव पक्षाबद्दलच बोलत होते. पक्ष फुटणार, कोण कुठं जाणार. शेवटी म्हणाले, "मी कुठल्या बाजूला जाऊ, सांग."

"राहवलं तर मध्येच राहा."

"मध्ये आता जागाच नाही रे."

हात धुऊन ते निघाले. गाडी दारात उभीच होती. वर्ष संपायच्या आत त्यांनी एक बाजू धरली आणि त्यांचं येणं पुन्हा थांबलं. मास्तर अनुसूयाबाईंना कितीदा तरी म्हणाले, "त्या दिवशी त्याला थोडा वेळ थांब म्हणायला हवं होतं. थांबला असता तो."

बाई म्हणत, "थांबले असते."