चंदाबाईची ग्रीक फौज

शेणवे गावच्या चंदाबाईला एका जागी बसवणं आजवर कुणाला जमलं नव्हतं. भेंडीच्या मळ्यात पाय घसरून घोट्याचं हाड मोडलं, तेव्हा मात्र तिला बसावंच लागलं. प्लास्टर चढलं आणि आठवडा सरायच्या आत ती नवऱ्यावर, जयरामवर, खेकसायला लागली. भाजी जाड चिरली, कोंबड्या लवकर कोंडल्या, सगळंच चुकत होतं त्याचं.

कल्याणला नोकरी करणारी लेक नेहा भेटायला आली. जाताना आपला जुना लॅपटॉप आईपुढे ठेवून गेली. त्यात लढाईचा खेळ होता, जुन्या काळातल्या राज्यांचा.

"मी इराण घेते, माझ्याकडे घोडे. तू ग्रीक घे. फोनवर बोलत बोलत खेळू."

"ग्रीक म्हंजे कोण गो?"

"लांब भालेवाले."

पहिल्या लढाईत चंदाबाईनं सगळे भालेवाले मोकळ्या मैदानात पुढे धाडले. समोरून त्यांना कुणी हात लावू शकेना. पण नेहाचे घोडे वळसा घालून मागून आले, आणि एवढे लांब भाले सांभाळत रांग वळेपर्यंत निम्मी फौज आडवी झाली. पुढच्या खेपेला जयराम शेजारी बसला. "धाव घाल, धाव घाल!" तो ओरडला. धावताना रांग विस्कटली आणि लढाई चहा निवायच्या आत संपली.

"तुमी उठा आधी हितनं," चंदाबाई म्हणाली.

मग ती दुपारभर एकटीच कॉम्प्युटरशी खेळत बसायची. जिंकायची घाई नव्हती. आपली माणसं चालतात कशी, वळतात कशी, तेवढंच बघायची. हळूहळू तिला उमगलं. यांना पळता येत नाय, वळता येत नाय, पण उभं राहता येतं. मग जिथं मागून कुणी येऊच शकत नाय, अशी जागा धरायची.

रविवारी तिनं खिंड निवडली. एका बाजूला नदी, दुसरीकडे उभा डोंगर. मधे भालेवाले दाटीवाटीनं, त्यांच्या पाठीशी तिरंदाज. होते नव्हते ते थोडे घोडेस्वार झाडीत दडवले, आणि लॅपटॉपवरचा हात काढून घेतला.

"आई, पुढे ये ना!" फोनवरून नेहा.

"मला पाय कुठंय? तूच ये."

"अगो, हल तरी जरा!" जयरामला राहवेना. चंदाबाईनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

शेवटी नेहाच कंटाळली. तिचे घोडे खिंडीत घुसले ते थेट भाल्यांवर. वरून बाण पडत होते, पुढच्यांना मागे फिरायचं होतं, मागचे पुढे रेटत होते. तेवढ्यात चंदाबाईनं झाडीतले स्वार सोडले. इराणचा सेनापती पळताना दिसला, तशी ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की शेजारची धोंडीबाई पदर सावरत धावत आली.

"काय झालं गो? परत पडलीस?"

"नाय गो, जिकले!"

धोंडीबाईला काही कळलं नाही, पण तिनंही टाळ्या वाजवल्या.

प्लास्टर निघालं, चंदाबाई पुन्हा मळ्यात जायला लागली. रविवारची दुपार मात्र खेळाची ठरली. परवा नेहा म्हणाली, आता ग्रीक माझे. चंदाबाईनं खुशाल इराण घेतलं आणि सगळेच्या सगळे घोडे एकदम सोडून दिले. भाल्यांवर आपटून फौज बघता बघता संपली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर ती हसत होती.

"हरले तर हरले," ती लेकीला म्हणाली, "पण काय पळतात गो ते घोडे!"