टायरखालची घोंगडी

राहू गावात म्हाळसाबाईच्या तोंडी लागायची कुणाची टाप नाही. वायरमन असो, ऊसतोडीचा मुकादम असो, नाही तर भावकीतला कुणी पिळदार मिशीचा असो, ही बाई बांधावर येऊन उभी राहिली की समोरचा गुमान वाट बदलतो. अर्धा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेलेला, त्यामुळं पाय अजून टणक आणि आवाज चार वावरं ओलांडून जाणारा. नवरा भिमा होता तोवर तिचं चालणं-बोलणं त्याच्या धाकात होतं असं म्हणतात, पण ते खरं नाही. भिमा गरीब माणूस. कळपाच्या मागनं चालायचा, एखादी मेंढी लंगडली तर उचलून खांद्यावर घ्यायचा आणि दिवसभर दहा शब्द बोलायचा. बाकीचे सगळे म्हाळसाच बोलायची.

पुढं कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली आणि मग भिमाही गेला. मागं राहिली एकुलती लेक हर्षदा आणि भिमाची काळी घोंगडी. आता घोंगडी म्हणजे काय हे ज्याला कळत नाही त्याला सांगून उपयोग नाही, तरी सांगते. धनगराच्या घरात देव बसतो तो घोंगडीवर आणि पाहुणा बसतो तोही घोंगडीवर. चप्पल घालून तिच्यावर पाय देणाऱ्याला म्हाळसानं आजवर सोडलेलं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना.

आणि नेमका तिथंच जावयानं पाय दिला. जालिंदर मांडवगण फराट्याचा, रांजणगावच्या कारखान्यांना लेबर पुरवणारा, उठता-बसता हिंदी झाडणारा. लग्नात वराकडच्यांना बसायला मांडवात घोंगडी अंथरली, तर या नवरदेवानं नाकाला रुमाल लावून खुर्ची मागवली. अरे मेल्या, तुझा आजा याच घोंगडीत जन्मला, याच घोंगडीत पावसाळे काढून मेला, आणि तुला वास येतो व्हय? म्हाळसा त्या दिवशी पेटली ती पेटलीच. खरं सांगायचं तर त्यानंतर तिनं जावयाला चांगलं म्हणायची एकही संधी घेतली नाही. त्यानं दिलीही नाही म्हणा.

मग त्यानं ती गाडी घेतली. हायब्रीड. बॅटरीवरही पळते आणि पेट्रोलवरही, कधी कशावर पळायचं ते तिचं तीच ठरवते. गावात शिरली तरी आवाज नाही, कुत्रंसुद्धा भुंकत नाही. जालिंदर तिला मऊ फडक्यानं असा पुसायचा की तसा हात त्यानं बायकोच्या पाठीवर कधी फिरवला नसेल. हर्षदानं गाडीत बसायच्या आधी चपला आपटायच्या, आत काही खायचं नाही, काचेला हात लावायचा नाही.

दिवाळीत हर्षदा माहेरी आली ती गप्पगप्प. चुलीपुढं बसून तिनं आईला सांगितलं की हात उचलत नाही, दारू नाही, पण त्या घरात मी कुठं आहे तेच मला उमगत नाही. जानेवारीत तो मनालीला न्यायचं म्हणतोय, बरफ बघायला, गाडी काय चीज आहे ते बघायला. तूही चल.

"पर रागानं बघू नकोस, आये. डोळ्यानं बघ. मग मी नांदायचं का न्हाई ते सांग. तू सांगशील तसं करीन. तवर मातर गप ऱ्हा."

म्हाळसानं गप्प राहायचं म्हणजे! पण पोरीचं जन्माचं ठरायचं होतं, तिनं शब्द दिला. सोबत भिमाची घोंगडी घेतली. ती बघितल्या बघितल्या जालिंदरनं ती पिशवीत कोंबून डिकीत टाकली, वर सेंटची फुसफुस मारली. म्हाळसा दातओठ खात मागच्या सीटवर बसली.

सगळा रस्ता त्यानं गाडीचं कौतुक ऐकवलं. ब्रेकला पाय लावायला लागत नाही, नुसता रेसवरचा पाय उचलला की गाडी आपणच ओढून धरते आणि वर बॅटरी भरते. मामी, हे बघा. मामी, आता इंजिन बंद आहे, बॅटरीवर चाललोय. मामीला राजस्थानातली मेंढरं दिसत होती, त्यांच्याकडं बघत मामी हूं हूं करायची. हर्षदाला उलटीसारखं झालं तेव्हा यानं गाडी थांबवली खरी, पण आधी ओरडला तो सीटकव्हर जपायला. म्हाळसानं ते डोळ्यानं बघून ठेवलं. रागानंही बघितलं, खोटं कशाला बोला.

मनालीच्या वर त्यांचं हॉटेल होतं. अलीकडं रस्त्याच्या कडेला एका पहाडी माणसाची चहाची टपरी होती, आणि तो बर्फात चाक घसरू नये म्हणून टायरला लावायच्या साखळ्या भाड्यानं देत होता. रात्री बर्फ पडलेला, रस्ता पांढराफटक, जसं कुणी ज्वारीचं पीठ सांडून ठेवलंय. त्यानं साखळी पुढं केली. जालिंदरनं काच खाली न करताच हात हलवला. हायब्रीड आहे म्हणाला, सगळं ऑटोमॅटिक आहे.

टपरी ओलांडली आणि उतार लागला. जालिंदरनं सवयीनं रेसवरचा पाय उचलला, गाडीनं सवयीनं ओढून धरलं, पण खाली डांबर नव्हतं. पुढची चाकं धरली गेली आणि गाडी आडवी घसरत जाऊन खोलगट जागी, कडेच्या बर्फात रुतून बसली. समोर चढ, चढावर हॉटेल दिसतंय, आणि गाडी जागची हलेना.

जालिंदर मूळचा ट्रॅक्टरवाला. काळ्या रानात ट्रॉली फसली की रेस वाढवायची एवढं त्याला ठाऊक. त्यानं रेस दाबली. चाक जरा फिरलं, घसरलं, डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चित्र लुकलुकलं आणि गाडीनं आपणच दम तोडला. चाक फुकट फिरू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. पण मालकाला पटायला नको? तो दाबतोय, ती सोडतेय. त्यात बॅटरी उतरत आलेली, थंडीमुळं इंजिन मधेच घुरघुरायचं, मधेच गप्प व्हायचं. चालू आहे का बंद हेही कळेना. ज्या गाडीपायी बायकोला चपला आपटायला लावल्या, ती गाडी आता त्याचं काडीचं ऐकेना. म्हाळसाला आतून जे बरं वाटलं ते काय सांगू.

पण चुकली तीही. तिला राहवलं नाही. रानात ट्रॅक्टर फसला की मागच्या चाकांवर गडी उभे करतात, वजन पडलं की चाक माती धरतं. ते तिनं आयुष्यभर बघितलेलं. मागं वजन द्या म्हणाली. आणि जालिंदरनं तीन वर्षांत पहिल्यांदाच सासूचं ऐकलं. हर्षदाला मागच्या बंपरवर उभी केली, म्हाळसानं डिकी दाबून धरली, आणि यानं गाडी रिव्हर्समधे घातली.

या गाडीला ओढ पुढच्या चाकांची. मागं वजन दिल्यावर पुढचं होतं नव्हतं तेही उचललं गेलं. गाडी शेपटाकडून फिरली, हर्षदा पाय निसटून खाली आली आणि बंपर तिच्या गुडघ्यावर बसला. पोरगी गुडघा धरून बर्फात बसली. म्हाळसानं आपल्याच जिभेनं पोरीला तिथं उभं केलं होतं.

जालिंदर उतरला. आधी बंपर बघितला. त्यावर हात फिरवला. मग हर्षदाकडं वळून म्हणाला, लागलं का?

एवढ्यात टपरीवाला चालत आला. साखळी घेऊन नव्हता आला, आता साखळी चढवायला चाकाखाली जागाच नव्हती. त्यानं फावड्यानं चाकापुढचा बर्फ ओढला, पुढच्या चाकांखाली काहीतरी खरखरीत घाला म्हणाला, आणि निघालात की चढावर थांबू नका, वर वळणावर सपाट जागा आहे तिथं थांबा. जालिंदरनं इकडंतिकडं बघितलं आणि त्याला आठवण झाली.

"हर्षे, ते घोंगडं काढ डिकीतनं. घाल टायरखाली."

हर्षदानं आईकडं बघितलं. म्हाळसानं तेव्हा काय बोलायला हवं होतं ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तिलाही ठाऊक होतं. पण पोरीचे ओठ निळे पडले होते. गाडी निघाली तर पोरगी उबेत जाऊन बसेल, एवढंच तिच्या डोक्यात आलं.

"घाल," म्हणाली.

हर्षदानं बापाची घोंगडी बर्फावर अंथरली, जालिंदर आत जाऊन बसला. चाकानं ती पकडली, चावली, मागं फेकली, आणि गाडी निघाली. चढ चढली, सरळ, झोकात. हर्षदा घोंगडी झटकत म्हणाली, आता वळणावर थांबतील. वळण आलं. गाडीचे लाल दिवे वळणाआड गेले. तिला आवाज नसल्यानं थांबली का गेली ते कळायला मार्ग नव्हता. दोघी तशाच बघत उभ्या राहिल्या.

मग फोन वाजला. हर्षदानं स्पीकरवर घेतला.

"मी हॉटेलवर आलोय. गाडी लई गारठलीया, शेडमधी लावतो, न्हाई तर बॅटरी बसंल. तुमी या चालत. जवळच हाय."

फोन बंद झाला. टपरीवाल्याला मराठी कळत नव्हती तरी त्यानं मान दुसरीकडं वळवली. हर्षदानं आईला विचारलं, आता सांग. तीन वर्षांची शिव्यांची रास म्हाळसाच्या जिभेवर तयार होती. पण त्यातली एकही बाहेर आली नाही.

"मी काय सांगू, पोरी. तू बघितलंस की."

हर्षदानं घोंगडी अंगाभोवती गुंडाळली आणि हॉटेलकडं पाठ केली. टपरीच्या दिशेनं लंगडत निघाली. फोन पुन्हा वाजला, वाजून थांबला. म्हाळसा तिच्या मागनं चालली, भिमा चालायचा तशी.

जालिंदरनं सामान परत केलं नाही ते नाहीच. दोघी बसनं दिल्लीला आल्या, तिथनं रेल्वे धरून दौंडला उतरल्या. हर्षदाचा गुडघा बरेच दिवस सुजलेला होता. आता ती यवतला एका दुकानात कामाला जाते आणि संध्याकाळी आईशी भांडते, म्हणजे बरी आहे.

शिमग्याच्या सुमाराला एक दिवस अंगणात ती गाडी येऊन उभी राहिली. कुत्रं भुंकलं नाही, म्हाळसाला कळलं ते दार आपटल्यावर. जालिंदरनं संगं त्याच्या चुलत्याला, मल्हारआप्पाला आणलं होतं. जुना जाणता माणूस, अजून थोडी मेंढरं राखून असलेला. आप्पानं चपला दाराबाहेर काढल्या, रामराम घातला, पोरीला पाठवा म्हणाला. नवराबायकोत शब्दाला शब्द लागतो, तुम्ही थोर आहात.

गाव कान टवकारून होता, आता बाई काय काय सोडते म्हणून. बाई आत गेली आणि आल्या पाहुण्यांना बसायला घोंगडी आणली. तीच. धुतली होती, पण टायरची नक्षी काही निघाली नव्हती. एका बाजूला लोकर फाटून दोरे लोंबत होते. म्हाळसानं ती बाजू वर करून अंथरली, हातानं नीट सारखी केली.

"बसा, जावयबापू."

जालिंदर उभाच राहिला. आप्पा बसायला वाकले आणि अर्ध्यात थांबले. त्यांनी त्या खुणेवरनं बोट फिरवलं. धनगराचं बोट ते, त्याला लोकर कळते. घोंगडीला हे काय झालं, त्यांनी विचारलं.

हर्षदा दारात आली. कुणाकडं न बघता, सरळ आप्पांना म्हणाली,

"टायरखाली घातली हुती, आप्पा. मी आन् आये मागं बरफात ऱ्हायलो. गाडी गारठली हुती म्हून हे पुढं गेले."

आप्पांनी पुतण्याकडं बघितलं. मग ते घोंगडीवर न बसता सरळ झाले, चपला पायात घातल्या आणि गाडीत न बसता यवतच्या एसटीला चालत निघाले.