हात न लावणारे वानखेडे काका

वानखेडे काका योग शिकवायला आले की आधी खिशातून ओळंबा काढायचे. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोऱ्याला बांधलेलं वजन सोडतो ना, तोच. जबलपूरच्या विजय नगरमधल्या बागेत रोज सकाळी आम्ही पंधरा-वीस जण ताठ उभे राहायचो आणि काका एकेकाच्या पाठीमागे दोरा धरायचे. दोरा हलायचा थांबेपर्यंत बोलायचे नाहीत. मग म्हणायचे, "डावा खांदा खाली येऊन राहिला बेटा. ठीक कर." पण खांद्याला बोटसुद्धा लावायचे नाहीत.

त्यांची सगळी नोकरी संरक्षण कारखान्याच्या तपासणी विभागात झालेली. "माणूस म्हणते मी सरळ आहो. दोऱ्याला विचारलं का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काकू कमरेला पट्टा बांधून बागेच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसायच्या आणि मांडीवर ताट घेऊन मेथी निवडायच्या. त्यांनी कधी आसनं केली नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "घरात एक योगी पुरे आहे."

माझे बाबा रिछाईच्या एका कारखान्यात मशीन चालवतात. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. मी योगाचा डिप्लोमा करते हे सांगतानाही बिचकायचे, कारण पुढे काय होणार हे मलाच माहीत नव्हतं. मग बालीतल्या एका योग केंद्राचं पत्र आलं. तीन महिने तिथे राहून प्रशिक्षण, त्या बदल्यात साफसफाई आणि स्वयंपाकघरातलं काम. पास झाले तर तिथेच शिक्षिका. बाबांनी ते पत्र आपल्या शिफ्टमधल्या सगळ्यांना दाखवलं. पत्र इंग्रजीत होतं, त्यामुळे कुणाला फारसं कळलं नाही, पण पेढे सगळ्यांनी खाल्ले.

निघायच्या आधी मी काकांच्या पाया पडायला गेले. आशीर्वाद द्यायचा सोडून त्यांनी विचारलं, "तिथं हातानं दाबून शिकवतात का?"

मी म्हटलं, "माहीत नाही काका."

"मी पण एकदा एक पाठ दाबली होती. अजून थोडं, अजून थोडं, करत. शरीर 'नाही, नाही' म्हणून राहिलं होतं, मला ऐकू नाही आलं. तेव्हापासून दोरा." काकू उठून चहा ठेवायला आत गेल्या. पाठ कुणाची होती, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.

बालीत भातशेतीच्या कडेला लाकडी सभागृह होतं. ते झाडताना मी दिवसभराची इंग्रजी वाक्यं मनात जुळवायचे. बोलायची वेळ येईपर्यंत विषय बदललेला असायचा. बाकीच्या मुली हसत-खेळत शिकत होत्या. मी मात्र सतत कुणाच्या तरी चेहऱ्याकडे बघायचे, आपलं चुकलं तर नाही ना म्हणून. तिथे शिक्षक सर्रास हाताने पाठ दाबत, आणि पाहुण्यांना ते आवडायचंही. आमच्या परीक्षेतही ते होतंच.

परीक्षेच्या दिवशी माझ्यासमोर साठीच्या एक बाई होत्या. पाय लांब करून पुढे वाकलेल्या. मुख्य शिक्षिकेने मला हाताने खूण केली, अजून खाली ने. मी बाईंच्या पाठीवर तळवे ठेवले. पाठ फळीसारखी कडक होती आणि श्वास अडकलेला होता. मला बाबांचे पेढे आठवले. नुसतं थोडं दाबायचं होतं. परत खूण झाली. मी हात काढून घेतले, घोंगडीची घडी केली आणि बाईंच्या गुडघ्यांखाली सरकवली. शिक्षिकेने भुवया उंचावल्या. असं का केलं, ते इंग्रजीत सांगायला मला एकही वाक्य सापडलं नाही.

शेवटच्या दिवशी इतरांना प्रमाणपत्रं मिळाली. मला एक चिठ्ठी मिळाली: हातात आत्मविश्वास नाही, सध्या शिकवण्यायोग्य नाही.

घरी फोन करायची हिंमत होईना. आधी काकांना व्हिडिओ कॉल लावला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. काकांनी एवढंच विचारलं:

"त्या बाईची कंबर कशी आहे?"

"चांगली आहे. दुसऱ्या दिवशी पोहायला गेल्या."

"मग काहून रडून राहिली?"

तेवढ्यात काकूंनी फोन ओढून घेतला. "बेटा, यांना त्या दिवशी एवढी अक्कल असती ना, तर मी पण खाली बसून भाजी निवडली असती."

मग फोनवर नुसता छताचा पंखा दिसत राहिला.

जबलपूर स्टेशनवर बाबा आले होते. "कागद?" त्यांनी विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी बॅग उचलली आणि थोडं चालून गेल्यावर म्हणाले, "चलो, पोहे खाऊन घेऊ." त्यांनी शिफ्टमध्ये काय सांगितलं ते मला अजून माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी बागेत काका म्हणाले, "आज तू घे." सगळे उभे राहिले आणि मी नुसती चटई सरळ करत बसले. तेव्हा कडेच्या खुर्चीतून आवाज आला.

"ए मास्तरीण, खुर्चीत बसून होईल असं काही आहे का?"

काकूंनी मेथीचं ताट खाली ठेवलं होतं. मी त्यांच्यासमोर दोन हात अंतरावर उभी राहिले आणि म्हटलं, "पाय जमिनीला टेकवा. हात हळूहळू वर न्या. जिथे दुखेल तिथे थांबा."

हात खांद्यांपर्यंत आले आणि थांबले. मी पुढे काही सांगितलं नाही. काका ओळंबा घेऊन खुर्चीच्या मागे आले. त्यांनी दोरा सोडला आणि आम्ही तो स्थिर व्हायची वाट बघत राहिलो. तो होईना. काकू अगदी ताठ बसल्या होत्या. काकांचा हात कापत होता.

"काय म्हणते तुमचा दोरा?" काकूंनी मागे न बघता विचारलं.

"थांब जरा," काका म्हणाले.