नवऱ्याच्या मागे एकवीस किलोमीटर

रोह्यात पळणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. तो घराबाहेर पडला की तेच त्याच्या मागे लागतात. आणि नव्वदच्या दशकात तर अख्ख्या गावात हौसेने पळणारे आम्ही दोघंच होतो, मी आणि आमचे हे!

पुण्याची अर्धी मॅरेथॉन पळायची टूम माझी. पेणला शाळेत असताना मी मुलांनाही मागे टाकायचे. लग्नानंतर ते सुटलं ते सुटलंच. एकदाच, फक्त एकदाच मला पुन्हा जीव तोडून पळायचं होतं. ह्यांनी नावं नोंदवली, पण दोघांची. तुला एकटीला कसं सोडणार, म्हणे.

सासूबाई खाडीकाठच्या. सलवार-कमीज, कॅनव्हासचे बूट, पहाटे बाहेर पडणं, सगळं त्यांनी चालवून घेतलं. अट एकच घातली.

"पळ गो, पण नवऱ्याच्या पुढं नाय. लोकं बघतात."

ह्यांचा वेग घाट चढणाऱ्या एसटीचा. मी मागे, दात-ओठ खात.

* * *

पहिल्याच आठवड्यात नदीपलीकडच्या अष्टमी गावाच्या पुलावर घोळ झाला. हे पुढे धापा टाकतायत, मी मागे, आणि हळू पळावं लागतंय म्हणून माझा चेहरा लालबुंद. समोरून येणाऱ्या दूधवाल्याने सायकल आडवी घातली आणि ह्यांचा दंड धरला.

"वहिनी, धरलाय. काय केलंय ह्याने?"

ह्यांना बोलायला दम नव्हता. मी आधी बुटाची नाडी बांधून घेतली.

संध्याकाळी हे शिफ्टला गेले, तर कंपनीतले दोघे जण आमचा समेट घडवायला टपून बसलेले.

* * *

एका रविवारी माझ्या माहेराहून, पेणहून कासूपर्यंत पळायचं आणि तिथून रेल्वेने रोह्याला परतायचं ठरलं. निघताना माझे वडील दारात उभे. वाटलं, लेकीला काही सांगतील. तर म्हणाले, जावईबापूंना दमवू नकोस.

कासूच्या स्टेशनात गाडी उभीच होती. नियमाप्रमाणे हे पुढे होते, ते चढले. नियमाप्रमाणे मी मागे होते, माझी गाडी सुटली. तिकिटाचे सगळे पैसे ह्यांच्याच खिशात.

दुपारी एका ओळखीच्या टेम्पोतून, मिठाच्या गोण्यांवर बसून मी घरी पोचले. हे जेवून आडवे झाले होते.

"मला वाटलं, तू मागेच आहेस."

मी दोन दिवस बोलले नाही. ह्यांच्या ते लक्षात आलं की नाही, देव जाणे.

* * *

मग पुणं. तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं, आणि दर चौकात तोच ओरडा. "ताई, सोडू नका त्याला!" म्हणजे शहर काय नि अष्टमी काय, डोकी सारखीच.

पाणी वाटणाऱ्या प्रत्येक टेबलापाशी हे थांबायचे आणि तुम्ही मूळचे कुठले, असं विचारायचे. एक जण आमच्या जवळच्या नागोठण्याचा निघाला. झालं! त्याच्या मामापर्यंत चौकशी झाली आणि मी मागे जागच्या जागी पाय आपटत उभी. म्हाताऱ्या बायका आम्हाला ओलांडून जात होत्या.

शेवटचा रस्ता आला. लांबवर कमान दिसत होती. हे कमरेवर हात ठेवून वाकले आणि म्हणाले, थांब जरा.

"आईंना काय सांगायचं ते तुम्ही सांगा," मी म्हटलं आणि सुटले.

इतक्या महिन्यांनी समोर ह्यांची पाठ नव्हती. मोकळा रस्ता होता. मला पळता पळता रडू आलं.

* * *

महिन्याभराने पोस्टाने फोटो आला. मी पुढे, दोन्ही हात वर. मागे बऱ्याच अंतरावर हे, वाकलेले. सासूबाईंनी पाहिला तर काही लपायचं नाही, म्हणून मी तो कपाटात साड्यांखाली दडवला.

एका संध्याकाळी बाजारातून येते तर फोटो फ्रेम होऊन भिंतीवर! समोर आळीतल्या चार बायका आणि मध्ये सासूबाई.

"ही पुढं हाय ना, ती माझी सून."

एकीने मागच्या वाकलेल्या माणसावर बोट ठेवलं. "नि ह्यो कोण गो?"

हे तिथेच खुर्चीत चहा पीत बसले होते. सासूबाईंनी पदराने चष्मा पुसला, फोटो नीट न्याहाळला.

"काय ठाव नाय. आसंल पुण्याचा कोणतरी."