आईची पाठ आणि नाकाखालचा आरसा

“पोर नीट बोलस, मॅडम. माले समदं समजस. परत ऑपरेशन कसाले?” पायलची आई माझ्यासमोर पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती.

पायल सात वर्षांची. जन्मतःच टाळू फाटलेली, तान्ही असताना शिवलेली. सुरतेजवळच्या भेस्तानच्या शाळेत तिनं बोलणंच सोडलं, म्हणून बाईंनी डॉक्टरकडे पाठवलं. दुसऱ्या ऑपरेशनचा निर्णय सर्जननी माझ्या रिपोर्टवर सोडला होता. आई मात्र आधीच नाही म्हणून मोकळी झाली होती.

मी सुरतेत स्पीच थेरपिस्ट आहे. आमची ही तपासणी अगदी साधी असते. प, ट, क म्हणताना तोंडात हवा दाबली जाते आणि टाळूचा मागचा मऊ भाग नाकाची वाट बंद करतो. ती बंद झाली नाही तर हवा नाकातून निसटते. नाकाखाली धरलेल्या आरशावर वाफ दिसते. म आणि न मुळातच नाकातून येतात, म्हणून ते शब्द टाळायचे.

“टोपी,” पायल म्हणाली. आरसा धुरकटला. “काकडी.” पुन्हा धुरकटला.

“वाफ तं कोनीबी काढस,” आई म्हणाली.

मी चिडलेच. आरसा आईच्याच नाकाखाली धरला आणि तिला टोपी म्हणायला लावलं. आरसा स्वच्छ राहिला.

“तरी माले समजस ना?”

मग मी आईची खुर्ची भिंतीकडे वळवली. पायलला चपलेचं चित्र दाखवलं. ती बोलली.

“काय बोलनी ती?” आईनं विचारलं. पायलनं पुन्हा सांगितलं. आईला तरीही कळेना. तेव्हा पायल उठली आणि सवयीनं आईच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली.

“चप्पल,” आई लगेच म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला.

दोघं नवराबायको लूमच्या कारखान्यात, कापड विणणाऱ्या यंत्रांच्या खडखडाटात. “तठे कोनाले काय ऐकू येस? तोंड देखीसनच समजस,” ती हळूच म्हणाली. घरीही ओठ पाहूनच बोलणं ओळखायची सवय. वर्गात मात्र पाठमोऱ्या बाईंच्या समोर पायल कशी जाणार? मला फार वाईट वाटलं.

आई तयार झाली. ऑपरेशन झालं, मग कित्येक महिने थेरपी. शेवटच्या तपासणीत आरसा स्वच्छ होता. आईनं तिकडे पाहिलंच नाही. स्वतःच खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसली.

“माय, मनी चप्पल कोठे शे?” मागून पायलनं विचारलं.

“दारजोडे,” दाराजवळच्या चपलेकडे न पाहताच आई म्हणाली. बराच वेळ ती वळलीच नाही.

लूमवरची आई आली की आता मी आधी तिची खुर्ची फिरवते. आरसा नंतर.