तोफेने मारलेली नाल

घोड्यांना नाल ठोकणाऱ्या त्या बाईला सगळे ‘तोफ’ म्हणत. अर्थात ती गल्लीचं वळण पार करून गेल्यावर. वडिलांकडून तिला दोनच गोष्टी मिळाल्या होत्या: हातोडी आणि तोंड. हातोडी निदान संध्याकाळी पेटीत तरी जायची.

एका सकाळी जनावरांचा डॉक्टर तिला शोधत आला. “ताई, म्हाताऱ्या टांगेवाल्याच्या घोड्यांचे खूर वाढून वर वळलेत. घोडा निभावेल, पण घोडी पाऊल टाकत नाही. आठ दिवसांत चालली तर ठीक. नाहीतर मला तिला कायमची झोपवावी लागेल.”

टांगेवाल्याचं नाव ऐकून तोफेच्या कपाळावर आठी चढली. दर दीड महिन्याला त्याचं बोलावणं यायचं, ते दहा महिन्यांपूर्वी बंद झालं. नालबंदांची एक रीत असते: गिऱ्हाईक फिरकलं नाही म्हणजे त्याने दुसरा माणूस धरला, आणि न बोलावता जाणं म्हणजे दारोदार हात पसरणं. तेव्हा तीही ‘गेला उडत’ म्हणून फुगून बसली होती.

डॉक्टरच्या मागोमाग तबेल्यात पाऊल टाकताच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाली शेणाचा चिखल, दुरून मोजाव्यात अशा बरगड्या. घोडी भिंतीला टेकून उभी, आणि शेजारी त्याच भिंतीला टेकून टांगेवाला.

“काका, लाज वाटते का? घोडी आहे की खुंटीवरचा कोट? अडकवलीत आणि विसरलात!”

टांगेवाल्याने घोडीच्या मानेवरची माशी हाकलली.

“आणि कुठल्या दिवट्याकडे गेला होतात, त्याचं नाव सांगा. आधी त्याचीच नखं काढते!”

“कोणाकडे जाणार, पोरी?”

“मला काय विचारता?”

धुसफुसत तिने घोडीचा पाय गुडघ्यांत धरला आणि शेण खरवडलं. खुरात रुतून बसलेली गंजकी नाल दिसली. नालेच्या टोकाला बारीकशी खाच होती. तशी खाच तिचे वडील पाडायचे. त्यांच्यानंतर फक्त ती.

“दहा महिने माझीच नाल?” तिचा आवाज फाटला. “मला बोलावलं का नाहीत?”

“चारा आणायची ऐपत उरली नाही, तिथे तुला काय देणार? तू फुकट केलं असतंस आणि वर शिव्या घातल्या असत्यास. शिव्यांचं काही नाही गं. फुकटाचं नको होतं.”

तोफ गर्रकन डॉक्टरकडे वळली. “तुमचा दवाखाना मागच्याच गल्लीत ना? नाक चोंदलं होतं का?”

डॉक्टर चाचरला. “मला वाटलं, तुमचं येणंजाणं असेल...”

“असायला हवं होतं!” ती ओरडली. आता हा राग कोणावर काढावा, ते तिला कळेना. तो तिने खिळ्यांवर काढला. एकेक असा उपटला की टांगेवाल्याने डोळे मिटून घेतले. पण खूर तासताना मात्र तिचा हात पिसासारखा हलका होता.

दोन्ही जनावरांच्या जुन्या नाला काढल्या. जमीन खरवडून कोरडं गवत पसरलं. चारा डॉक्टरने आणायचा. त्याला कोणी विचारलं नाही, फक्त सांगितलं. तोफ रोज यायची, खूर पाहायची, टांगेवाल्याला फैलावर घ्यायची आणि जायची.

आठव्या दिवशी घोडी लंगडत दारापर्यंत आली. टांगेवाल्याला रडू फुटलं.

“रडताय काय? बाजूला व्हा, तिची वाट अडवलीत!”

डॉक्टरने सुईची पिशवी बंद केली. तोफेने मात्र हातोडी पेटीत टाकली नाही. वर्षभरात तिला न बोलावलेली आणखी पाच गिऱ्हाइकं होती. त्यातल्या पहिल्याचं दार तिने त्याच हातोडीने ठोठावलं.